भूतकाळी वाक्यातून नेमकं काय निघतं? निष्कर्ष काढण्याची पद्धत, पायरीपायरीनं

‘ती नदी पार करत होती.’ यावरून ती पलीकडे पोहोचली असं म्हणता येतं का? नाही. ‘ती नदीकाठी फिरत होती.’ यावरून ती नदीकाठी फिरली असं म्हणता येतं का? येतं, बिनदिक्कत. दोन्हीकडे क्रियापद ‘-त होती’ असंच संपतं आणि शाळेच्या व्याकरणात दोन्ही वाक्यं अपूर्ण भूतकाळाच्या एकाच रकान्यात बसतात. तरीही एका वाक्यातून निष्कर्ष निघतो आणि दुसऱ्यातून निघत नाही.

जबाब, इतिवृत्त, बातमी किंवा जुनी कागदपत्रं वाचताना हा फरक पदोपदी आडवा येतो. तर्कक्षमता चाचणीतले ‘दिलेल्या विधानावरून कोणता निष्कर्ष निघतो’ हे प्रश्न सोडवणाऱ्यांना तो लागतो. हल्ली संगणकासाठी वाक्यांच्या जोड्या तपासून त्यांच्यावर शिक्के मारण्याचं काम करणाऱ्यांनाही लागतो. मला सांगायचं आहे ते एवढंच, की भूतकाळी वाक्य स्वतः फार थोडं सांगतं आणि बाकीचं वाचणारा भरतो. भरायला हरकत नाही. फक्त सांगितलेलं कोणतं आणि भरलेलं कोणतं, हे विचारलं तर दाखवता आलं पाहिजे.

सुरुवात: उत्तरं तीन ठेवा, दोन नव्हे

निष्कर्ष तपासताना ‘बरोबर’ आणि ‘चूक’ या दोनच पेट्या ठेवल्या की गोंधळ सुरू होतो. तिसरी पेटी हवी: ‘यावरून सांगता येत नाही’. संगणकाला भाषेतला तर्क कितपत जमतो हे पाहण्यासाठी १९९६ साली फ्राकास नावाचा ३४६ प्रश्नांचा संच तयार झाला. त्यातही उत्तरं हो, नाही आणि माहीत नाही अशीच होती, आणि काळाविषयीच्या प्रश्नांना एक स्वतंत्र विभाग दिलेला होता. भूतकाळी वाक्यांबाबत तिसरी पेटी सगळ्यात जास्त भरते, असा माझा अनुभव आहे.

पेटी ठरवायला एक सोपी चाचणी आहे. मूळ वाक्याला ‘पण’ जोडा आणि पुढे निष्कर्षाचा नकार लावा. ‘त्यानं काच फोडली, पण काच फुटली नाही.’ हे वाक्य कोसळतं. म्हणजे ‘काच फुटली’ हा निष्कर्ष पक्का. आता ‘काही सभासद आले होते, पण खरं तर सगळेच आले होते’ हे म्हणून बघा. जरा अडखळायला होतं, पण वाक्य उभं राहतं. म्हणजे ‘सगळे आले नव्हते’ हा निष्कर्ष वाक्याच्या अर्थात नाही, तो आपण सूचनेवरून काढला. ऐकणारा अशा सूचना कशा गोळा करतो याची नीट मांडणी तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ च्या व्याख्यानांत केली. त्यांनी दिलेली खूणही हीच: सूचना मागे घेता येते, अर्थ मागे घेता येत नाही. ही ‘पण’ची चाचणी पुढे प्रत्येक पायरीवर लागणार आहे.

पहिली पायरी: रूप भूतकाळाचं, पण काळ भूत आहे का?

मराठीत ‘-ला, -ली, -लं’ दिसलं की भूतकाळ, असा समज असतो. तो अर्धाच खरा आहे.

दारावरची घंटा वाजते आणि आतून आवाज येतो, ‘आलो!’ बोलणारा अजून हललेलाही नसतो. ‘मला भूक लागली’ किंवा ‘मी दमले’ ही वाक्यं आत्ताची अवस्था सांगतात. ‘पाऊस पडला तर सामना रद्द होईल’ यात पाऊस पुढे पडायचा आहे, आणि ‘तो उद्या आला की सांग’ यातलं येणंही उद्याचंच. ‘मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं’ म्हणणाऱ्याला बोलायचं असतं ते आत्ता. ‘होतं’ हा नुसता अदब. म्हणून आधी पाहा, की वाक्यात ‘तर’, ‘की’, ‘उद्या’, ‘पुढच्या’ असं काही आहे का, आणि शरीराच्या किंवा मनाच्या अवस्थेचं क्रियापद आहे का. असेल, तर ‘हे घडून गेलं’ असा निष्कर्ष लगेच काढू नका.

‘बसला आहे’, ‘झोपला आहे’, ‘उभी राहिली आहे’ यांनाही इथेच बाजूला काढा. रूप पूर्ण क्रियेचं आहे, पण माहिती मिळते ती चालू स्थितीची. ‘तो झोपला आहे’ यावरून तो आत्ता झोपेत आहे असा निष्कर्ष निघतो. ‘त्यानं पत्र लिहिलं आहे’ यावरून तो आत्ता लिहितो आहे असं मात्र निघत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला ‘असता’ची रूपं. ‘तो आला असता तर काम झालं असतं.’ इथे तो आला नाही, काम झालं नाही, असंच आपण धरतो आणि बहुतेकदा ते बरोबर असतं. ‘असेल’, ‘असावा’, ‘असणार’ यांचं वजन आणखी वेगळं. ‘तो काल आला असेल’ या वाक्यातून त्याच्या येण्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. बोलणाऱ्याचा तसा अंदाज आहे, एवढंच निघतं. जबाबातलं ‘असेल’ पुढच्या अहवालात ‘होता’ होऊन बसतं, हा तर नेहमीचाच अपघात.

दुसरी पायरी: तीन क्षण वेगळे काढा

रूप खरोखर भूतकाळाचं आहे असं ठरलं, की काळरेषेवर तीन क्षण शोधायचे. वाक्य बोललं गेलं तो क्षण, घटना घडली तो क्षण, आणि ज्या क्षणावर उभं राहून आपण घटनेकडे पाहतो तो क्षण. ही तीन क्षणांची मांडणी हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञानं १९४७ मध्ये केली. तिसऱ्या क्षणाला मी इथे ‘नजरेचा क्षण’ म्हणतो.

प्रमुख वक्ते पोहोचले तेव्हा सभा सुरू झाली.
प्रमुख वक्ते पोहोचले तेव्हा सभा सुरू होत होती.
प्रमुख वक्ते पोहोचले तेव्हा सभा सुरू झाली होती.

तिन्ही वाक्यांत नजरेचा क्षण एकच आहे: वक्ते पोहोचले तो. पहिल्या वाक्यात सभेची सुरुवात त्या क्षणाला लागून किंवा लगेच पुढे येते. त्यांच्यासाठीच ती खोळंबली होती असा वासही येतो, पण ती सूचनाच. तिसऱ्यात सुरुवात त्या क्षणाच्या मागे गेली. वक्त्यांना सुरुवात चुकली, हा निष्कर्ष पक्का. सभा तेव्हा चालू होती का? बहुधा होती, पण वाक्य तसं म्हणत नाही. ‘सभा सुरू झाली होती, एवढंच काय, संपलीही होती’ असं कोणी म्हटलं तर चूक काढता येणार नाही. मधल्या वाक्यात लगबग चालू आहे, आणि सभा पुढे खरंच सुरू झाली की ऐनवेळी रद्द झाली, हे वाक्यावरून कळत नाही.

‘गेला होता’ या रूपाची आणखी एक खोड आहे. ‘ती परगावी गेली आहे’ म्हटलं की ती अजून तिकडेच आहे असं कळतं. ‘ती परगावी गेली होती’ म्हटलं की आपण ‘परत आली’ असं ऐकतो. यातलं दुसरं ऐकणं ‘पण’च्या चाचणीत टिकत नाही: ‘ती मागच्या महिन्यात परगावी गेली होती, पण अजून परतलेली नाही.’ वाक्य ठीक आहे. म्हणून ‘परत आली’ हे तिसऱ्या पेटीत.

नजरेचा क्षण वाक्यात लिहिलेला नसतो तेव्हा तो संदर्भातून घ्यावाच लागतो. बार्बरा पार्टी या भाषाशास्त्रज्ञ बाईंचं १९७३ मधलं एक उदाहरण या विषयात फार प्रसिद्ध आहे. घरातून निघून अर्ध्या वाटेवर आलेलं कोणी म्हणतं, ‘मी शेगडी बंद केली नाही!’ याचा अर्थ ‘मी आयुष्यात कधीच शेगडी बंद केलेली नाही’ असा होत नाही, आणि ‘भूतकाळातल्या कुठल्या तरी एका क्षणी मी ती बंद करत नव्हतो’ असाही होत नाही. ते तर कोणाच्याही बाबतीत खरंच असेल. बोलणाऱ्याच्या मनात निघण्याआधीचा ठरावीक वेळ आहे. नकारार्थी भूतकाळी वाक्य समोर आलं, की ‘कुठल्या वेळेत नाही?’ हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मराठीत तर नकारात आणखी एक पेच आहे. ‘तो आला नाही’ हे ‘काल आला नाही’ म्हणूनही चालतं आणि ‘अजून आला नाही’ म्हणूनही. पहिल्यात विषय संपला, दुसऱ्यात तो अजून येऊ शकतो. ‘काल’ किंवा ‘अजून’ यांपैकी एखादा शब्द आसपास सापडेपर्यंत हे वाक्य अर्धवट वाचलेलं आहे असं समजा. ‘आलेला नाही’ आणि ‘आला नव्हता’ ही रूपं त्या मानानं स्पष्ट.

तिसरी पायरी: क्रिया तडीस गेली का?

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा थांबू.

प्रत्येक क्रियापदाला एक अंगभूत ठेवण असते. काही क्रियांना शेवट नसतो: चालणं, हसणं, फिरणं, वाट पाहणं. त्या कुठेही थांबवल्या तरी ‘झाल्या’ असतात. काहींचा शेवट ठरलेला असतो: घर बांधणं, नदी पार करणं, पत्र लिहिणं. मध्येच थांबलं तर त्या झालेल्या नसतात. काही क्रिया क्षणात उरकतात: पोहोचणं, सापडणं, फुटणं. आणि काही क्रिया नसतातच, अवस्था असतात: माहीत असणं, आजारी असणं, मालकीचं असणं. ही चार गटांची वाटणी झीनो व्हेंडलर यांच्या १९५७ च्या लेखामुळे सर्वत्र गेली, पण मूळ निरीक्षण ॲरिस्टॉटलचं आहे. माणूस पाहतो आहे त्याच क्षणी त्यानं पाहिलेलंही असतं. घर बांधतो आहे त्या क्षणी मात्र त्यानं घर बांधलेलं नसतं, असं त्यानं नोंदवलं होतं.

आता नियम असा. ‘-त होता’ दिसलं की क्रियेचा गट ओळखा. शेवट नसलेली क्रिया असेल, तर ‘-त होता’वरून ‘-ला’ काढता येतो: हसत होता, म्हणजे हसला. शेवट ठरलेला असेल, तर काढता येत नाही: घर बांधत होता, म्हणजे घर बांधलं असं नाही. १९७० च्या दशकात डेव्हिड डाउटी या भाषाशास्त्रज्ञानं या कोड्याला नाव दिलं आणि त्यावर बरंच लिहिलं. न झालेलं घर हे ‘घर बांधत होता’ या वाक्यात नेमकं कुठे असतं, हा प्रश्न दिसतो तेवढा पोरकट नाही.

क्षणात उरकणाऱ्या क्रियांबाबत ‘-त होता’ आणखी बेभरवशाचा. ‘गाडी स्थानकात पोहोचत होती’ म्हणजे ती पोहोचलेली नव्हती, इतकंच त्या क्षणापुरतं पक्कं. पुढे ती पोहोचली की अलीकडेच बंद पडली, हे अज्ञात.

बरं, साध्या ‘-ला’ रूपावर तरी पूर्ण भरवसा ठेवावा का? इथे मराठी थोडी ढिली आहे. ‘मी तो अहवाल वाचला, पण शेवटची दोन प्रकरणं राहिली.’ हे वाक्य अनेकांना खटकणार नाही. ‘मी तो अहवाल वाचून काढला, पण शेवटची दोन प्रकरणं राहिली’ हे मात्र खटकेल. म्हणजे साधं ‘वाचला’ पूर्णतेची हमी देतंच असं नाही. ती हमी ‘वाचून काढला’, ‘करून टाकलं’, ‘लिहून संपवलं’ असल्या जोड क्रियापदांकडे असते. ‘शोधली’ आणि ‘शोधून काढली’ यांत तर दरीच आहे. ‘त्यांनी पावती शोधली’ म्हणजे शोधाशोध केली. मिळाली की नाही, कोण जाणे. ‘शोधून काढली’ म्हणजे मिळाली. तेव्हा निष्कर्ष पूर्णतेचा असेल, तर मूळ वाक्यात पूर्णता दाखवणारं काहीतरी बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. ‘पूर्ण’, ‘सगळा’, ‘दोन तासांत’, किंवा जोड क्रियापद.

‘दोन तासांत’ म्हटलं आणि ‘दोन तास’ म्हटलं, यातही हाच फरक. ‘तिनं दोन तास भाषांतर केलं’ म्हणजे वेळ सांगितला. काम संपलं की नाही ते नाही. ‘तिनं दोन तासांत भाषांतर केलं’ म्हणजे संपलं.

सवयीची रूपं वेगळीच: ‘यायचा’, ‘येत असे’, आणि जुन्या लेखनातलं ‘येई’. ‘तो दर मंगळवारी यायचा’ यावरून एखाद्या ठरावीक मंगळवारी तो आला होता असा निष्कर्ष काढू नये. सवयीला अपवाद चालतात. उलट, तो निदान काही मंगळवारी तरी आला असणार, हे पक्कं. आणि ‘यायचा’ला ‘होता’ जोडलं तर सवय नाहीशी होते: ‘तो अजून यायचा होता’ म्हणजे त्या क्षणापर्यंत तो आलेला नव्हता. ‘तो येणार होता’ यातून मात्र फक्त बेत कळतो. आपण ‘म्हणजे आला नाही तर’ असं मनात पुरं करतो, कारण आला असता तर बोलणारा सरळ ‘आला’ म्हणाला असता. ही सूचना, अर्थ नव्हे.

चौथी पायरी: तेव्हा होतं, म्हणून आता नाही?

‘ती हुशार होती.’ हे वाक्य ऐकलं की पुढचा माणूस आवाज खाली आणून विचारतो, ‘कधी गेली?’ भूतकाळी अवस्थेवरून ‘आता ती अवस्था नाही’ असं गृहीत धरण्याची आपली सवय इतकी पक्की आहे. आणि ती चुकीची आहे. ‘काल दार उघडं होतं’ यावरून आज बंद आहे असं ठरत नाही. आज उघडं आहे असंही ठरत नाही. वाक्य कालपुरतं बोललं.

‘आता नाही’ असं पक्कं करायचं तर वाक्यात तसा शब्द हवा: ‘पूर्वीचे’, ‘बंद केलं’, ‘सोडलं’, ‘थांबलं’. ‘त्यांनी धूम्रपान सोडलं’ यातून दोन गोष्टी निघतात. सोडण्याआधी ते करत होते, आणि सोडल्यावर करेनासे झाले. यातली पहिली जास्त चिवट, कारण वाक्याला नकार लावला तरी ती टिकते: ‘त्यांनी धूम्रपान सोडलं नाही’ म्हटलं तरी ते धूम्रपान करत होते हे राहतंच. नकार लावूनही जे उरतं ते वाक्याचं गृहीतक. गॉटलोब फ्रेगे यांनी १८९२ मध्ये केप्लरचं उदाहरण घेऊन हे दाखवलं होतं: ‘केप्लर हलाखीत मरण पावला’ म्हणा किंवा ‘केप्लर हलाखीत मरण पावला नाही’ म्हणा, केप्लर नावाचा कोणी होता हे दोन्हीकडे धरलेलंच आहे. उलटतपासणीतले अवघड प्रश्न बहुतेक गृहीतकांतून शिरतात, म्हणून ‘पुन्हा’, ‘परत’, ‘थांबवलं’, ‘चालूच ठेवलं’ या शब्दांखाली रेघ मारायची सवय चांगली.

नामांनाही स्वतःचा काळ असतो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ‘राष्ट्रपती त्या शाळेत शिकले’ यावरून ते शिकत असताना राष्ट्रपती होते असं कोणी म्हणणार नाही. पण ‘संचालक त्या सभेला हजर होते’ हे वाचताना ‘तेव्हाचे संचालक’ की ‘आज जे संचालक आहेत ते’, हा प्रश्न किती जण विचारतात?

पाचवी पायरी: काळाचे शब्द तपासा

‘मंगळवारी आला’ यावरून ‘त्या आठवड्यात आला’ हे निघतं. उलट जाता येत नाही. नकारात दिशा फिरते: ‘त्या आठवड्यात आला नाही’ यावरून ‘मंगळवारी आला नाही’ हे निघतं, आणि ‘मंगळवारी आला नाही’ यावरून आठवड्याबद्दल काहीच निघत नाही. होकारात लहानाकडून मोठ्याकडे, नकारात मोठ्याकडून लहानाकडे. एवढं ध्यानात ठेवलं तरी परीक्षेतले बरेच प्रश्न सुटतात.

कालखंड दिलेला असेल तर पुन्हा क्रियेचा गट बघावा लागतो. ‘१० ते १२ ती झोपलेली होती’ म्हणजे ११ वाजताही झोपलेली होती. ‘१० ते १२ च्या दरम्यान तिनं पत्र लिहिलं’ यावरून ११ वाजता ती लिहीत होती असं ठरत नाही. पावणेबाराला सुरू करून बारापर्यंत संपवलं असेल.

‘आधी’ आणि ‘नंतर’ ही एकमेकांची आरशातली रूपं वाटतात. तशी ती नाहीत, हे एलिझाबेथ ॲन्स्कम यांनी १९६४ च्या एका निबंधात दाखवलं. मराठीत तपासून बघा. ‘बॉम्ब फुटल्यानंतर पथक आलं’ म्हणजे बॉम्ब फुटला. ‘बॉम्ब फुटण्याआधी पथकानं तो निकामी केला’ म्हणजे तो फुटलाच नाही. आणि ‘बॉम्ब फुटण्याआधी पथक आलं’ यात फुटला की नाही ते उघडं राहतं. ‘नंतर’ आलं की त्यातली घटना घडली असं धरा; ‘आधी’ आलं की धरू नका.

‘पासून’ आणि ‘पर्यंत’ यांचं थोडक्यात. ‘तीन वर्षं तिथे राहत होता’ हा सुटा तुकडा आहे. ‘तीन वर्षांपासून तिथे राहत होता’ यात तुकडा नजरेच्या क्षणापर्यंत येऊन भिडतो. ‘सहापर्यंत थांबला’ म्हणजे सहानंतर थांबला नाही अशी सूचना मिळते. पाचला तो तिथेच होता हे मात्र पक्कं.

सहावी पायरी: दोन वाक्यं जोडताना

दोन भूतकाळी वाक्यं खरी असली म्हणून ती एकाच वेळी खरी होती असं होत नाही. ‘तो श्रीमंत होता. तो सुखी होता.’ यावरून ‘तो श्रीमंत असताना सुखी होता’ हे निघत नाही. सुख आधीचं असेल आणि पैसा नंतरचा. काळाचं तर्कशास्त्र चिन्हांत बसवणारे न्यूझीलंडचे आर्थर प्रायर यांनी १९५० च्या दशकात ‘असं होतं की’ यासाठी एक चिन्ह ठरवलं. त्यांच्या पद्धतीत हा निष्कर्ष सरळ अवैध ठरतो. उलट दिशा वैध आहे: ‘तेव्हा तो श्रीमंत आणि सुखी होता’ यावरून दोन्ही सुटी वाक्यं निघतात.

क्रमाचंही तसंच. लागोपाठची साधी वाक्यं आपण घडलेल्या क्रमानं वाचतो. ‘तो पडला. तिनं हात दिला.’ पण ‘तो पडला. तिनं ढकललं.’ इथे क्रम उलटा घेतो, कारण जगाचं ज्ञान आड येतं. दोन्ही वेळा क्रम आपण भरला. लिहिणाऱ्यानं ‘ढकललं होतं’ असं लिहिलं असतं, तर तो वाक्यातच आला असता. ‘-ऊन’ असेल तर क्रम बराचसा बांधलेला असतो: ‘सही करून निघाला’ म्हणजे सही आधी, दोन्ही गोष्टी झाल्या आणि दोन्ही एकाच माणसानं केल्या. पण ‘हसून म्हणाला’ यात हसणं आधी संपलं असं कोणी मानत नाही. दोन कालखंडांमध्ये एकूण १३ प्रकारचे संबंध असू शकतात, अशी यादी जेम्स ॲलन यांनी १९८३ मध्ये दिली: आधी, लगतच, अंशतः एकमेकांवर, आत, बरोबर सुरू, बरोबर संपलेले वगैरे. गुंतागुंतीचा जबाब असेल तर कागदावर दोन रेघा ओढून यांतले कोणकोणते संबंध वाक्यानं खोडून काढले ते पाहावं. बहुतेकदा निम्मेही खोडलेले नसतात.

सातवी पायरी: क्रियापदाच्या आतली क्रिया

ती दार लावायला विसरली. दार लावल्याचं ती विसरली.

पहिल्यात दार उघडं राहिलं. दुसऱ्यात दार लावलेलं होतं. क्रियापद तेच, फरक फक्त ‘लावायला’ आणि ‘लावल्याचं’ यांत, आणि निष्कर्ष एकदम उलटे. कुठल्या क्रियापदातून आतली घटना झाल्याचं कळतं आणि कुठल्यातून न झाल्याचं, याची पद्धतशीर छाननी लॉरी कार्टुनेन यांनी १९७१ मध्ये सुरू केली. मराठीत स्वतःची यादी करून ठेवण्यासारखी आहे. ‘जमलं’, ‘भाग पाडलं’ असेल तर आतली घटना झाली. ‘टाळलं’, ‘राहून गेलं’ असेल तर झाली नाही. ‘ठरवलं’, ‘सांगितलं’, ‘परवानगी दिली’, ‘प्रयत्न केला’ असेल तर माहीत नाही.

‘येणं’ या मदतनीस क्रियापदाकडे विशेष लक्ष द्या. ‘त्याला नदी पार करता येत होती’ म्हणजे अंगात कुवत होती. केली की नाही ते वेगळं. ‘त्याला नदी पार करता आली’ म्हणजे त्यानं ती केली. हिंदीसह काही भाषांमध्ये असंच घडतं हे राजेश भट्ट यांनी १९९९ मध्ये दाखवलं होतं. मराठीभाषकाला ते कानानंच पटतं.

आणि एक फुकटची माहिती, जी मराठी भूतकाळ देतो आणि फार कमी लोक वापरतात. ‘मी आले’ म्हटलं की बोलणारी बाई आहे हे कळतं. ‘मी लिहिलं’ म्हटलं की कळत नाही, कारण क्रियापद कर्माकडे बघतं. उलट ‘त्यानं आणला’ म्हटलं की आणलेल्या वस्तूचं नाव पुल्लिंगी आहे हे कळतं. निनावी पत्र वाचताना याचा उपयोग होतो, आणि लिहिणारा हुशार असेल तर अशी सकर्मक वाक्यंच निवडतो.

आठवी पायरी: सांगणारा कोण?

पाणिनीनं भूतकाळाचे भाग पाडताना एक भाग बोलणाऱ्यानं स्वतः न पाहिलेल्या घटनेसाठी राखून ठेवला: ‘परोक्षे लिट्’, अष्टाध्यायीतलं ३.२.११५ हे सूत्र. मराठीत तसं वेगळं रूप उरलं नाही. आपण ‘म्हणे’ घालतो, किंवा काहीच घालत नाही, आणि ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी वाटू लागते. ‘तो म्हणाला की मी आजारी आहे’ यावरून तो आजारी होता असं ठरत नाही, फक्त तो तसं म्हणाला हे ठरतं. ‘त्याला कळलं की पूल पडला’ यात मात्र पूल पडलेला आहे. ‘वाटलं’, ‘म्हणाला’, ‘ऐकलं’ एकीकडे आणि ‘कळलं’, ‘लक्षात आलं’, ‘आठवलं’ दुसरीकडे, असे दोन ढीग करावेत.

आता एक उतारा घेऊन

‘कपाटाची किल्ली लिपिक ठेवायचे. त्या सोमवारी ते रजेवर होते. दुपारी व्यवस्थापक आल्या तेव्हा कपाट उघडलेलं होतं. त्यांनी फाइल शोधली. शिपाई म्हणाला की साहेब सकाळी येऊन गेले. संध्याकाळपर्यंत फाइल मिळाली नव्हती.’

*सोमवारी किल्ली लिपिकाकडे नव्हती.* सांगता येत नाही. ‘ठेवायचे’ ही सवय, तिला अपवाद असू शकतात. शिवाय रजेवरचा माणूस किल्ली घरीही नेतो.

*व्यवस्थापक स्त्री आहेत.* हो. ‘आल्या’ या एका रूपावरून.

*कपाट व्यवस्थापकांनी उघडलं नाही.* सांगता येत नाही. ‘उघडलेलं होतं’ म्हणजे दुपारी त्या पोहोचण्याआधी ते उघडलं गेलं होतं. त्या सकाळीही येऊन गेल्या असतील, तर उघडणाऱ्या त्याच असू शकतात. वाक्य तसं नाकारत नाही.

*फाइल कपाटात होती.* सांगता येत नाही. ‘त्यांनी फाइल शोधली’ यात कुठे शोधली तेही नाही. कपाटाचं वाक्य शेजारी आल्यामुळे आपण तसं जोडलं.

*साहेब सकाळी आले होते.* सांगता येत नाही. हे शिपायाचं म्हणणं आहे, आणि ‘म्हणाला’ पहिल्या ढिगात पडतं. त्याच्या म्हणण्यानुसार साहेब दुपारपूर्वी निघूनही गेले होते, कारण तो ‘येऊन गेले’ म्हणाला.

*फाइल नंतर मिळाली.* सांगता येत नाही. ‘मिळाली नव्हती’मुळे पुढे मिळाली असेल असं वाटतं खरं, पण ‘संध्याकाळपर्यंत मिळाली नव्हती, पुढेही मिळाली नाही’ हे वाक्य व्यवस्थित उभं राहतं.

*व्यवस्थापकांनी शोधायला सुरुवात केली, तेव्हा लगेच त्यांना फाइल मिळाली.* नाही. हा निष्कर्ष खोटा ठरतो. नकार मोठ्या कालखंडाला आहे, ‘संध्याकाळपर्यंत’. दुपार त्याच्या आत येते.